शांततेच्या दिवशी हरवलेलं कासव

फोन वाजला तेव्हा आफ्रा डेमहार्टर कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती. उजवी टाच सुजली होती. डॉक्टर म्हणाले होते, चालणं कमी करा. पोलिसात राहून चालणं कमी कसं करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

"बाई, उठा," कचेरीतून सहकारी झॉट बोलत होता. "कालव्यांच्या पेठेत चोरी झालीय. चांदीचं कासव गेलं."

"कासव?"

"चांदीचं. किल्ली दिली की चालतं म्हणे. तीनशे वर्षांपूर्वीचं आहे."

"मग चालत गेलं असेल. मला कशाला उठवतोस?"

"कारण आज बाकी सगळे सुट्टीवर आहेत आणि तुम्हाला निवृत्तीआधी पुण्य हवंय. आणि हो, गाडी मागू नका. चौकाकडचे सगळे रस्ते बंद आहेत."

आज आठ ऑगस्ट. औग्सबुर्गचा शांततेचा सण. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांची डोकी फोडून दमले, तेव्हापासून हे शहर हा दिवस पाळत आलंय. साऱ्या जर्मनीत ही सुट्टी फक्त या एका शहराला. म्युनिकचे कारकून आज मुकाट्याने टेबलाशी बसतात आणि आम्हाला शिव्या देतात. औग्सबुर्गकर मात्र नगरपालिकेसमोरच्या चौकात लांबच लांब टेबलं मांडतात, घरून टोपल्या भरून खाणं आणतात आणि अनोळखी माणसाच्या ताटात बटाट्याचं सॅलड वाढतात. वर्षातून एक दिवस शेजारधर्म. उरलेल्या दिवसांत शेजाऱ्याच्या सायकलीवर तक्रारीच्या चिठ्ठ्या चिकटवायला आम्ही मोकळे.

आफ्राने टाचेला पट्टी बांधली आणि ती थांब्यावर जाऊन उभी राहिली. ट्राम येईना. सणाचं वेळापत्रक, म्हणजे बसा वाट बघत. बऱ्याच वेळाने एक आली. क्योनिग्सप्लात्झला, शहरातल्या सगळ्या ट्राम जिथे भेटतात तिथे, ती उतरली. सहा नंबरच्या फलाटावर बरीच गर्दी होती. बायका, नवरे, पोरं, आणि प्रत्येकाच्या हातात घडी घातलेली रिकामी पिशवी. चौकातलं जेवण आटोपून निघालेत वाटतं, असं आफ्राच्या मनात आलं आणि ती लंगडत पुढे गेली.

चौकातून खाली कालव्यांकडे उतरणारा रस्ता दगडी गोट्यांचा. पर्यटक त्याचे फोटो काढतात. ज्यांची टाच दुखते ते काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

*

घर अरुंद होतं आणि खालून कालवा वाहत होता. पुढच्या खोलीत चाकाच्या खुर्चीत आडेलहाइड रेम बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, अंगावर सणाचा काळा पोशाख, मांडीवर शाल. त्यांचे वडील चांदीकाम करत, भाऊही. काचेच्या कपाटाचं दार उघडं होतं. मधल्या फळीवर धुळीत कासवाच्या आकाराची स्वच्छ जागा दिसत होती.

"कुलूप तोडलेलं नाही," आफ्रा म्हणाली.

"कपाटाला कुलूप नसतंच," रेमबाई म्हणाल्या. "घराला असतं."

"घराच्या किल्ल्या कोणाकडे?"

"माझ्याकडे. गेरोकडे. आणि सेव्हिमकडे."

सेव्हिम आयदन दाराशी उभी होती. पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची. एका सेवा संस्थेतर्फे ती गेली सहा वर्षं रोज रेमबाईंकडे येत होती. आंघोळ, औषधं, खुर्ची ढकलणं, सगळं तीच बघायची. हात मागे बांधून ती अशी उभी होती की जणू कोणी तिला हात दाखव म्हणणार आहे.

"आज सकाळपासून काय काय झालं? सावकाश सांगा."

"सकाळी आले. आजींना तयार केलं. खुर्ची ढकलत चढ चढून चर्चमध्ये नेलं. तिथून चौकात, जेवणाला."

"कासव तेव्हा होतं?"

"होतं. मी कपाटाची काच पुसली ना निघताना. सण म्हणून."

"मग तुम्ही एकट्या घरी आलात?"

"दुपारी वारा सुटला. आजी म्हणाल्या, शाल आण. आले, दाराजवळच्या खुंटीवरून शाल काढली, कुलूप लावलं, गेले. या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"म्हणजे तेव्हा कासव होतं की नाही..."

"मला माहीत नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, नाही का?"

खिडकीपाशी बसलेला माणूस हळूच खाकरला. तो गेरो रेम, बाईंच्या भावाचा मुलगा. पन्नाशीचा, नीटनेटका, इथेच वाढलेला पण उत्तरेकडच्या कील शहरात पंचवीस वर्षं स्थायिक. दरवर्षी या सणाला एका मुक्कामासाठी आत्याकडे यायचा. या वेळी काल संध्याकाळी आला होता.

"कमिसारबाई, मला कोणावर आळ घ्यायचा नाही," तो म्हणाला.

आळ घेणारा माणूस नेहमी अशीच सुरुवात करतो, हे आफ्राला अनुभवाने माहीत होतं. "पण?" ती म्हणाली.

"पण घरात एकटं कोण होतं ते तुम्ही ऐकलंतच. माझी बॅग उघडून बघा. खरंच बघा. मला राग येणार नाही."

आफ्राने बॅग उघडली. शर्ट, दाढीचं सामान, आत्याने दिलेली जॅमची बाटली. कासव नव्हतं.

"तुम्ही कुठे होता?"

"मी या दोघींच्या आधीच बाहेर पडलो. क्योनिग्सप्लात्झवरून सहा नंबर घेतली. तुमच्या ट्रामचं मला कौतुक वाटतं. एक जाते तोवर मागे दुसरी हजर. उभंसुद्धा राहावं लागलं नाही. फ्रीडबेर्गला गेलो."

"कशासाठी?"

"कासवाचं एक चाक अडकायचं. फ्रीडबेर्ग घड्याळजींचं गाव, तिथे हीबर म्हणून एकजण अशी जुनी यंत्रं दुरुस्त करतो. म्हटलं, विचारून बघावं."

"काय म्हणाला?"

"भेटतोय कसला! सुट्टी ना आज. दुकान बंद, सगळं गाव चिडीचूप, रस्त्यात कुत्रं नाही. घंटा वाजवली, त्याच्या दुकानासमोर जरा बसलो, वाड्याकडे एक फेरी मारली आणि परत आलो. तोवर या दोघी येऊन डोक्याला हात लावून बसल्या होत्या."

"तिकडे कोणी पाहिलं तुम्हाला?"

"सणाच्या दिवशी कोण असतं रस्त्यावर?"

आफ्राने मान डोलावली. खरंच, कोण असतं? रेमबाईंनी मान वर करून भाच्याकडे पाहिलं. मग त्या मांडीवरच्या शालीचे दोरे एक एक करून सरळ करू लागल्या.

तेवढ्यात सेव्हिमचा फोन वाजला. ती फक्त "हो" म्हणत राहिली. हो, कळलं. हो, ठीक आहे. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"संस्थेचा फोन होता. उद्यापासून येऊ नको म्हणाले. चौकशी होईपर्यंत."

"त्यांना इतक्यात कोणी कळवलं?"

"मीच," गेरो म्हणाला. "कर्तव्य म्हणून."

"आमच्या कामात लोक घराची किल्ली देतात, बाई," सेव्हिम आफ्राला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "किल्ली गेली की काम गेलं. मग मला कोण ठेवणार? चोर नव्हती असं पुढे कळलं तरी लोक म्हणतात, काहीतरी असेलच." ती वळली. "चला, माझ्या घरी चला. होख्झोलला राहते. आत्ता, पुढे मी काही लपवायच्या आधी. कपाटं, गाद्या, फ्रीज, सगळं बघा."

रेमबाई शालीचे दोरे सरळ करत राहिल्या. सहा वर्षं रोज सकाळी या बाईने त्यांचे केस विंचरले होते. आफ्राला ते शांत बसणं खटकलं, पण म्हातारं माणूस धक्क्याने गप्प होतं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

*

सहा नंबरच्या थांब्यावर दोघी बाकावर बसल्या. ट्राम नव्हती. होख्झोल म्हणजे लेश नदीला लागून शहराचा शेवटचा तुकडा, तिथून पुढे फ्रीडबेर्ग.

"पायाला काय झालं?" सेव्हिमने विचारलं.

"वय झालं."

"टाचेखाली थंड बाटली ठेवून पाय मागेपुढे लाटायचा. लाटण्यासारखा. रोज."

"तुम्हाला अटक करायला निघालेय मी कदाचित, आणि तुम्ही मला औषध सांगताय?"

"टाच तुमची दुखतेय ना, पोलिसांची थोडीच दुखतेय?"

आफ्राला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. दुसऱ्याच्या गाद्या उलटायला जायचं या वयात. आणि ही बाई खरी असेल तर? आणि नसेल तर? दोन्हीकडून दिवस वायाच.

समोरच्या फलाटावर फ्रीडबेर्गकडून येणारी ट्राम थांबली. माणसं उतरली. पिशव्या फुगलेल्या. बुटांची खोकी, पडद्याच्या कापडाची गुंडाळी, एका पोरीच्या पाठीवर नवं कोरं दप्तर, किमतीची चिठ्ठी अजून लोंबत होती. एक लठ्ठ गृहस्थ दोन्ही हातांत चार पिशव्या घेऊन धापा टाकत होते.

"एवढं सगळं कुठून आणलंत?" आफ्राने पलीकडून विचारलं.

"कुठून म्हणजे? फ्रीडबेर्गहून!" गृहस्थ ओरडले. "इथे टाचणी मिळत नाही आज, म्हणून बायको दरवर्षी नेते तिकडे. तिला सण, मला हमाली!"

आफ्रा त्यांच्याकडे बघतच राहिली.

"बाई? बरं वाटत नाही का?" सेव्हिमने विचारलं.

"आपण इथे किती वेळ बसलोय?"

"वीसेक मिनिटं होतील. सणाला अशाच तर येतात ट्राम. सकाळी मलाही उशीर झाला, आजी रागावल्या."

आफ्राने कपाळावर हात मारला. चांगला जोरात मारला.

"तुमच्या गाद्या राहू देत," ती म्हणाली. "शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ."

*

ट्रामने लेश ओलांडली. नदीच्या थोडं पुढे शहराची वेस लागते, आणि तिथे सणही संपतो. शेवटच्या थांब्यावरून टेकडीवरच्या फ्रीडबेर्ग गावात जाणारी बस दार उघडून उभीच होती, रोजच्यासारखी.

घड्याळजी हीबरच्या दुकानासमोर रस्ता खणला होता. पाण्याची नळी टाकायचं काम चालू होतं. यंत्राच्या घरघरीने काचा हादरत होत्या. हीबर कानात कापसाचे बोळे घालून उघड्या दुकानात बसला होता.

"आज दुकान बंद होतं का थोडा वेळ?" आफ्राने ओरडून विचारलं.

"काय?"

"बंद! होतं! का?"

हीबरने एका कानातला बोळा काढला. "बंद? सकाळपासून इथेच बसलोय, जेवलोही इथेच. तुम्हा औग्सबुर्गवाल्यांना शांततेचा सण, आमच्या नशिबी हे. सकाळी सातला सुरू झाले. माझ्या पंचवीस घड्याळांची टिकटिक मला दिवसभर ऐकू आली नाही."

"कोणी चांदीच्या कासवाबद्दल विचारायला आलं होतं? उंच, पन्नाशीचा, उत्तरेकडच्यासारखं बोलणारा?"

"कासवाबद्दल?" हीबरचे डोळे चमकले. "औग्सबुर्गचं चालतं कासव? बाई, तसं नुसतं कोणी बोललं असतं तरी मी त्याला कॉफी पाजून बसवून ठेवला असता. नाही. कोणी आलं नाही."

"समोर बसायला बाक आहे?"

"होता. मंगळवारी उचलून नेला. त्याच जागी तो खड्डा दिसतोय ना, तो."

सेव्हिम दाराशी उभी राहून ऐकत होती. बाहेर आल्यावर ती भिंतीला हात टेकून थोडा वेळ उभी राहिली. आफ्राने झॉटला फोन लावून गस्तीचे दोघे कालव्यांच्या पेठेत पाठवायला सांगितले.

*

गेरोची बॅग दाराशी तयार होती. त्याच्या गाडीला अजून तासभर अवकाश होता.

"सापडलं काही?" त्याने सेव्हिमकडे न बघता विचारलं.

"सापडलं," आफ्रा म्हणाली आणि कोणी न सांगता खुर्चीत बसली. उभं राहून कोडी उलगडायला तिच्यात त्राण नव्हतं. "रेमसाहेब, तुम्ही आज फ्रीडबेर्गला गेलाच नाहीत."

"म्हणजे काय? मी सांगितलं ना..."

"तुम्ही सांगितलंत, गाव चिडीचूप होतं. तिथे सकाळी सातपासून रस्ता फोडतायत. तुम्ही सांगितलंत, दुकान बंद होतं. हीबर जेवायलासुद्धा हलला नाही. त्याच्या दुकानासमोर बसलो म्हणालात. बसायची जागा खणून काढलीय, तिथे खड्डा आहे."

"मग दुसरं दुकान असेल. गोंधळ झाला असेल माझा."

"गोंधळ झालाच. आज सण आहे तो फक्त औग्सबुर्गला. फ्रीडबेर्ग वेगळं गाव आहे, तिथे आज साधा कामाचा दिवस. निम्मं औग्सबुर्ग तिथे खरेदीला गेलं होतं. पण तुम्ही इथे वाढलात. लहानपणी आठ ऑगस्ट म्हणजे सगळं बंद, सगळं शांत. आता ट्राम त्या गावाच्या तोंडापर्यंत जाते, पाटीवर फ्रीडबेर्ग लिहिलेलं असतं, म्हणून तुम्हाला वाटलं तेही आपलंच. पटकन थाप मारताना माणूस लहानपणीचंच बोलतो. आणि मी इथलीच, म्हणून मीही मान डोलावली. मलाच लाज वाटतेय."

गेरोने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पण गंमत पुढेच आहे. ट्राम एकामागून एक येत होत्या म्हणालात. त्या काल येत होत्या, तुम्ही स्टेशनवरून आलात तेव्हा. काल कामाचा दिवस होता. आज मी वीस-वीस मिनिटं थांबलेय, माझ्या टाचेला विचारा. जिथे सुट्टी नव्हती तिथे तुम्ही लावलीत, आणि जिथे होती तिथली काढून घेतलीत. आज सहा नंबरच्या थांब्यावर तुम्ही उभेच राहिला नाहीत."

"यावरून मी चोर ठरत नाही."

"नाही ठरत. खोटं बोललात एवढंच ठरतं. मग प्रश्न येतो, सकाळभर होता कुठे? या दोघी चढ चढून चर्चकडे गेल्या. तुमच्याकडे किल्ली. तुम्ही परत आलात, कासव उचललंत. सेव्हिम शाल न्यायला आली, हे तुमचं नशीब. ती आली नसती तरी आळ तिच्यावरच टाकणार होता. घरात कासव नाही, बॅग तर तुम्ही स्वतःच आग्रहाने दाखवलीत. रात्रीच्या गाडीने जायचंय, वाटेत उचलता येईल अशी जागा हवी. स्टेशनवर सामान ठेवायची कपाटं आहेत. खिसे रिकामे करा, म्हणजे तिथली किल्ली शोधायला मला वाकावं लागणार नाही."

गेरोने एक छोटी, नंबर असलेली किल्ली टेबलावर ठेवली.

"ते आमच्या घराण्याचं आहे," तो आत्याकडे बघून म्हणाला. "तू ते एका नोकराणीला देणार होतीस."

सेव्हिमने चमकून रेमबाईंकडे पाहिलं. "मला?"

"काल रात्री मी गेरोला सांगितलं," रेमबाई म्हणाल्या. "कासव सेव्हिमला द्यायचंय. तिला आज संध्याकाळी सांगणार होते."

गस्तीवाले आले. गेरो त्यांच्यासोबत निमूट गेला. बॅग तिथेच राहिली. आफ्राने संस्थेला फोन लावला आणि सेव्हिम आयदनचं नाव पूर्ण स्वच्छ आहे, तसं लेखी येईल, हे दोनदा बजावून सांगितलं. मग ती रेमबाईंकडे वळली.

"आजी, ही देणगीची गोष्ट दुपारी का नाही सांगितलीत? सेव्हिमला ती माहीतच नव्हती, माहीत होती ती एकट्या गेरोला. कासव तिला जातंय याचा राग कोणाला येणार, हे मला तेव्हाच कळलं असतं."

रेमबाई कपाटाच्या रिकाम्या फळीकडे बघू लागल्या.

"तुम्ही जन्मभर या शहरात आहात. फ्रीडबेर्ग आज उघडं असतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तो बोलला आणि तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत. तेव्हाच कळलं ना तुम्हाला?"

रेमबाईंची बोटं शालीत अडकली होती. "माझ्या भावाचा एकुलता एक मुलगा आहे तो."

"आणि ही?"

"ही कामसू आहे. हिला दुसरं काम मिळालं असतं." म्हातारीने डोळे मिटले. "मला दुसरा भाचा कुठून मिळणार?"

सेव्हिम जागची हलली नाही. दुपारपासून तिच्यावर चोरीचा आळ होता तेव्हा ती रडली नव्हती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. आपल्या जुडग्यातून तिने या घराची किल्ली काढली. कडी घट्ट होती, नख लावूनही पटकन निघेना. निघाल्यावर तिने ती टेबलावर ठेवली.

"रात्रीच्या गोळ्या निळ्या डबीत आहेत, आजी. जेवणानंतर घ्या, आधी नको. डावा पाय आधी उचलून ठेवायचा, नाहीतर कळ येते."

"सेव्हिम, कासव तुझंच आहे. उद्याच देते."

"नको," सेव्हिम म्हणाली. तिने आफ्राचा हात एकदा घट्ट धरला आणि ती बाहेर पडली. गोट्यांच्या चढावर तिची पावलं लांब जाईपर्यंत ऐकू येत होती.

खोलीत दोघीच उरल्या. संस्थेची दुसरी बाई यायला सकाळ उजाडणार होती. आफ्रा उठली, दुखरी टाच सांभाळत जमिनीवर गुडघे टेकले आणि रेमबाईंच्या सणाच्या बुटांचे बंद सोडायला लागली. डावा पाय आधी.

"चार दिवस रुसेल," म्हातारी वरून म्हणाली. "मग येईल ना हो परत?"

आफ्राने दुसऱ्या बुटाचा बंद सोडला.

"नाही, आजी," ती म्हणाली. "ती आता येणार नाही."